नवतप्यातले जवाईबापू

वरठीच्या स्टेशनावर गाडीतून उतरल्या उतरल्या यारीने काय केलं, तर दोन्ही बॅगा खाली टाकल्या, डोळे मिटले, तोंड आभाळाकडे केलं आणि भर उन्हात तसाच उभा राहिला. मार्च सरत आला होता. उतरलेली माणसं सावली धरून बाहेर निघाली होती आणि हा ताडमाड गोरा माणूस प्लॅटफॉर्मच्या मधोमध हसत उभा. खुशबूने त्याची बाही ओढली. "चल ना यारी, लोक पाहून राहिले."

"एक मिनिट," तो डोळे न उघडताच म्हणाला. "किती ऊन आहे गं इथे! आणि सगळं फुकट!"

यारी फिनलंडचा. तिथल्या ओउलू शहरात लहानाचा मोठा झालेला. हिवाळ्यात तिकडे सूर्य दुपारी जरासा डोकावतो आणि पुन्हा जाऊन झोपतो. खुशबू तिथे शिकायला गेली, दोघांची ओळख झाली, लग्न झालं. पुढे खुशबूला लाखांदूरच्या कॉलेजात नोकरी लागली तेव्हा जावं की न जावं याचा घोळ तिनेच घातला. यारी लगेच तयार होता. घरांचे नकाशे काढायचं त्याचं काम कॉम्प्युटरवर चालायचं, ते कुठूनही होणार होतं. मराठी तो व्हिडिओ बघून शिकला होता, आणि ती कधी बोलायला मिळते याची त्याला घाई झाली होती.

लाखांदूरजवळच्या दिघोरीत, खुशबूच्या माहेरच्या घरासमोर गाडी थांबली तेव्हा अर्धी गल्ली जमली होती. सासरे आनंदराव, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, हात जोडून पुढे आले. "जयभीम जवाईबापू."

"जयभीम मामाजी," यारी म्हणाला. "आपली भेट झाल्याने मला अत्यंत आनंद झाला आहे. मला थोडे पाणी मिळेल का?"

गल्लीतले लोक एकमेकांकडे पाहू लागले. मग शेजारचा इश्वर, जो गावच्या तलावात मासेमारी करायचा, हळूच म्हणाला, "खुशबू, तू तं सांगितलं होतं परदेशचा हाय म्हनून. हा तं पुन्याचा बोलते."

जो हशा पिकला त्यात सगळ्यांत मोठा आवाज यारीचा होता. आणि नाव कळल्यावर तर विचारायलाच नको. यारी म्हणजे दोस्ती. आता असं नाव घेऊन आलेल्या माणसाला कोण परका म्हणणार?

एका माणसाचा मात्र अपवाद होता. सासूबाई पार्वताबाई. त्यांच्या लेखी जवाई म्हणजे जवाई. तो ताटावरून उठला की त्या तांब्या घेऊन हजर. त्याने कप विसळायला घेतला की त्या धावत यायच्या, "अवो माय! जवाई भांडे घासते का कोनाचा? ठेवा जी तुमी, बसा." यारी बसायचा. पाच मिनिटांनी पुन्हा उठायचा. या घरात त्याला सगळं हवंहवंसं होतं, अंगणातल्या मातीपासून पहाटे मोहफुलं वेचून येणाऱ्या बायांच्या टोपल्यांतल्या गोड वासापर्यंत. फक्त पाहुण्याची ती खुर्ची नको होती.

एप्रिल आला. दुपारी गाव दारं लावून घेऊ लागलं. यारीला हे कळेना. एवढं ऊन बाहेर वाया जात असताना माणसं अंधारात का झोपतात? त्याने आनंदरावांना सांगितलं की फिनलंडात घरोघरी लाकडाची एक खोली असते. तिच्यात दगड तापवायचे, त्यांच्यावर पाणी मारायचं आणि त्या वाफेत घाम गाळत बसायचं. इथल्यापेक्षा दुप्पट गरम. तरी सगळे हसत बसतात.

"अन् मंग?" आनंदरावांनी विचारलं.

"मग बाहेर पळत यायचं आणि बर्फाच्या पाण्यात उडी मारायची!"

आनंदरावांनी विचार केला. "तेच तं सांगून राहिलो, जवाईबापू. तुमच्या इकडं बाहेर येता येते. इथं बाहेरच नाई ना जी."

यारीला ते वाक्य फार आवडलं, पण पटलं नाही. दुसऱ्याच दिवशी, खुशबू कॉलेजात आणि घर झोपलेलं असताना, तो भर दुपारी सायकल घेऊन नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, रस्त्याने निघाला. डोक्याला काही नाही. सोबत पाणी नाही. जाताना गाणं म्हणत गेला. येताना सायकल हातात धरून, चेहरा लालभडक आणि कोरडा, पाय भलतीकडेच पडत. ओसरीवर पोचला आणि मटकन खाली बसला.

पार्वताबाई त्याला पाहून किंचाळल्या नाहीत. त्यांनी आधी ओली चादर आणली, मग कांदा, मग कैरीचं पन्हं, आणि आनंदरावांना डॉक्टरांकडे पिटाळलं. डॉक्टरांनी सलाइन लावलं. दोन दिवस यारी खाटेवर होता. उठून बसला तेव्हा सासूबाईंनी फर्मान काढलं: सूर्य वर चढला की जवाई घरात. आणि नवतपा लागला, म्हणजे मे अखेरचे ते उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले दिवस, की मग तर उंबरा ओलांडायचाच नाही.

"हाव मामीजी," यारी म्हणाला. पुस्तकातला 'हो' सोडून म्हटलेला हा त्याचा पहिला 'हाव'. तो ऐकून आनंदराव इतके खूश झाले की कौतुकाने साऱ्या गल्लीला सांगत सुटले.

आजारपणाने यारीला एक गोष्ट शिकवली. इथल्या लोकांनी ऊन टाळलेलं नव्हतं, त्याच्याभोवती दिवस वळवून घेतला होता. मग त्यानेही तसंच केलं. पहाटे उठायचं. सकाळीच कॉम्प्युटरवरचं काम उरकायचं. बाहेर जाताना डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळायचा, खिशात कांदा टाकायचा. दुपारी कूलरसमोर गाढ झोपायचं. दुपारची झोप! चाळीस वर्षं आपण हिच्याशिवाय कसे जगलो, असं तो खुशबूला रोज विचारायचा. आंघोळ दोनदा. माठातलं पाणी, त्यात वाळ्याची जुडी. प्रत्येक गोष्ट तो आईला व्हिडिओवरून दाखवायचा, जसा काही तिचा शोध त्यानेच लावला होता.

पण खरा खजिना त्याला पहाटे सापडला. इश्वर तलावावर जायला निघायचा आणि यारी त्याच्यामागे. उजाडायच्या आधी पाणी गार असायचं. यारी तळ्यांच्या देशातला, पाण्यात शिरला की त्याचं वय उतरायचं. डोंग्यात, इश्वरच्या त्या अरुंद होडीत, बसून दोघांच्या गप्पा चालत.

"आमच्याकडे हिवाळ्यात तलावावर चालत जातात," यारी सांगायचा. "मध्ये भोक पाडायचं आणि गळ टाकायचा."

"पान्यावर चालत?"

"हाव. ट्रकसुद्धा जातो."

इश्वरने डोंगा कमळांतून वळवला. मग म्हणाला, "तुमी पुन्याचेच हा. अशा बाता तिकडचेच लोक मारते." पण त्याने यारीला चिखलात पाय कसा टाकायचा, कमळाच्या देठांत हात कसा अडकू द्यायचा नाही, हे सगळं शिकवलं. आणि मेच्या मध्यावर त्यानेच बातमी दिली. तलावाचं पाणी खाली गेलं होतं. मच्छीमार सोसायटीचं महाजाळ पडणार होतं, वर्षातलं सगळ्यांत मोठं. ओढायला माणसं लागतात.

"मी येतो!" यारी जवळजवळ ओरडलाच.

"या ना. पन दिवस नवतप्यातला हाय."

यारीचा चेहरा पडला. घरी येऊन त्याने खुशबूला गाठलं. ती हसून म्हणाली, "मी नाई सांगणार मायला. तूच सांग." त्याने रात्री जेवताना सांगितलं. पार्वताबाईंनी पोळी तव्यावर उलटली आणि म्हणाल्या, "नाई." आनंदरावांनी मध्यस्थी केली: पहाटे जाईल, ऊन चढायच्या आत येईल. शेवटची पोळी वाढून सासूबाई म्हणाल्या, "बरं. पन सूर्य तलावाच्या पाळीवर आला का जवाई घरी पायजे."

महाजाळाच्या दिवशी पहाटे तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जत्रा भरली होती. माणसं, भांडी, सायकली, एक चहावाला. सोसायटीचे तेजराम सगळ्यांना जागा वाटून देत होते. जाळं डोंग्यातून लांबवर सोडत नेलं, दोन्ही टोकांना दोरांवर माणसांच्या रांगा लागल्या. यारी डाव्या रांगेत, इश्वरच्या मागे. "हो-ऽऽ" म्हटलं की खेचायचं, थांबायचं, पुन्हा खेचायचं. पाय चिखलात रुतत होते, तळव्यांची सालं निघत होती, आणि यारीच्या छातीत आनंद असा उड्या मारत होता की त्याला ओरडावंसं वाटत होतं. आणि ओरडायला तर परवानगीच होती!

सूर्य पाळीवर आला. यारीला दिसला नाही, किंवा दिसला तरी त्याने पाहिला नाही. जाळं अर्ध्यावर आलं होतं, आतलं पाणी जिवंत झाल्यासारखं खळबळत होतं. तेवढ्यात पाळीवरून ओळखीचा आवाज आला.

"जवाईबापू! ओ जवाईबापू!"

छत्री, पन्ह्याची कॅन आणि ओला दुपट्टा घेऊन पार्वताबाई थेट पाण्याच्या काठापर्यंत आल्या होत्या. "काय सांगितलं होतं मी? चला घरी!"

"मामीजी, थोडंच राहिलं!"

"काई थोडं नाई!" असं म्हणता म्हणता त्यांनी दुपट्टा त्याच्या डोक्यावर थापला आणि कॅन तोंडाला लावली. तो एका हाताने दोर धरून घटघट प्यायला. आणि नेमका तेव्हाच जाळ्याला हिसका बसला. दोर ताठ झाला. कितीही खेचलं तरी जाळं हलेना.

"खुंटावर अडकलं!" इश्वर ओरडला. बुडालेल्या एखाद्या जुन्या झाडाचा बुंधा असणार. जास्त ओढलं तर फाटणार, ढिलं सोडलं तर मासे खालून निसटणार. इश्वरने दोर सोडला आणि पाण्यात सूर मारला. त्याच्यामागे, कोणी सांगायच्या आत, यारीही गेला.

डाव्या रांगेतले दोन जण एकदम कमी झाले. दोर सरकू लागला. "धरा! कोनी तं धरा!" तेजराम ओरडले.

पाण्याखाली काहीच दिसत नव्हतं. यारी जाळ्याला धरून चाचपडत खाली गेला. हाताला शेवाळलेलं लाकूड लागलं, मग इश्वरचा खांदा. इश्वरने त्याचा हात धरून एका फांदीवर ठेवला, जाळं तिथेच गुंतलं होतं. दोघांनी मिळून वर उचललं. नाही सुटलं. वर येऊन श्वास घेतला, पुन्हा खाली. या वेळी यारीने पाय बुंध्याला टेकवले, पाठ वाकवली, इश्वरने जाळं हिसडलं, आणि ते सुटलं. काहीतरी जाडजूड, गुळगुळीत यारीच्या पोटाला धडकून गेलं. तो वर आला तो हसतच.

आणि त्याने काय पाहिलं! त्याच्या जागेवर, लुगडं खोचून, घोटाभर चिखलात पार्वताबाई उभ्या होत्या. छत्री कुठेतरी उलटी तरंगत होती. त्यांनी दोर कमरेला टेकवून धरला होता आणि साऱ्या रांगेपेक्षा मोठ्याने ओरडत होत्या, "पाहून काय राहिला बे? ये इकडं, ओढ!"

यारी गेला आणि त्यांच्या मागे दोर धरला. आता जाळं सरसर येऊ लागलं. काठाजवळ पाणी उकळल्यासारखं झालं, रोहू, कतला, मरळ, चांदीच्या ताटांसारखे उसळत होते. एक कतला तर जाळ्यावरून उडी मारून तेजरामांच्या छातीवर आदळला आणि ते चिखलात पाठीवर पडले. तलावावर एवढा हशा झाला की पाळीवरच्या गाई उठून उभ्या राहिल्या.

मग वाटणी. ओढणाऱ्या प्रत्येकाला एक हिस्सा, असा नियम. तेजराम नावं पुकारत होते. यारीकडे पाहून त्यांनी विचारलं, "हे आनंदरावच्या घरचं. मायलेकरायचा एकच हिस्सा ना?"

"दोन!" पार्वताबाई गरजल्या. "त्यानं पान्यात जाळं सोडवलं, मी वरतून ओढलं. दोन!"

'मायलेकरायचा' हा शब्द यारीला घरी पोचल्यावर कळला, खुशबूने सांगितला तेव्हा. तो शब्द त्याने इतक्यांदा म्हणून पाहिला की तिला वाटलं पुन्हा ऊन लागलं.

पण शब्द घोकत बसायला फुरसत कुठे होती? अंगणात मासे पडले होते. पार्वताबाईंनी चुलीतली राख आणली आणि अर्धी त्याच्यासमोर ठेवली. "हाताले लाव, नाई तं निसटते." दोघं समोरासमोर बसले. त्याने मासा साफ करायला घेतला, त्याच्या आजीच्या पद्धतीने, शेपटीकडून डोक्याकडे, झरझर. त्या थांबून पाहत राहिल्या, मग हिसकावून घेऊन म्हणाल्या, "असं नाई, पोट पयले," आणि थोड्या वेळाने, तो नाही पाहत असं वाटून, त्याच्या पद्धतीने एक करून पाहिला. आनंदराव हे सगळं ओसरीवरून बघत होते. त्यांनी फक्त डोळे मोठे केले.

रस्सा चुलीवर चढला तेव्हा यारीने आईला फोन लावला. पडद्यावर स्वेटर घातलेली एक म्हातारी बाई आली. यारीने सगळ्यांत मोठा कतला दोन्ही हातांनी उचलून दाखवला आणि त्याच्या भाषेत सुसाट बोलू लागला. बुंधा, जाळं, तेजरामांचं पडणं, एका दमात. त्याच्या खांद्यावरून पार्वताबाईंचं डोकं पुढे आलं.

"नमस्कार जी!" त्या फोनमध्ये ओरडल्या. "तुमचा पोरगा चांगला हाय. पन आयकत नाई!"

तिकडून आईने फिनिशमध्ये काहीतरी लांबलचक सांगितलं आणि हात हलवला.

"हाव ना! तेच तं सांगून राहिली मी!" पार्वताबाई म्हणाल्या. त्यांनी यारीच्या हातातून फोन घेतला, खाटेवर बैठक मारली आणि त्याच्या लाल झालेल्या मानेपासून सुरुवात करून सगळं सांगायला घेतलं. तिकडची बाई मान डोलावत होती, मध्येच हसत होती, मध्येच आपलं काही सांगत होती. यारी अर्थ सांगायला दोनदा पुढे झाला, दोन्ही वेळा त्याला हातानेच बाजूला सारलं गेलं.

"यारी, रस्सा पाय!" सासूबाई फोनमधून नजर न काढता म्हणाल्या. "उतू जाऊन राहिला."

तो धावला.