कारकुनाचं पान

"साहेब, पहिल्या ओळीत तुमच्या मुंग्या वारुळातून बाहेर पडल्या, तिथपर्यंत मी तुमच्याबरोबर होतो," बाबा फोनवर सांगत होते. "दुसऱ्या ओळीत त्या एकदम समीकरणात शिरल्या. तिथून पुढे मला काही त्या दिसेनात."

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. बाबांनी फोन कानापासून वीतभर लांब धरला, दारात उभ्या असलेल्या थोरल्या मुलीकडे बघून भुवया उडवल्या आणि खुर्चीकडे बोट केलं.

"शिक्षण ना? अकरावी," ते फोनमध्ये म्हणाले. "हो, अकरावीच. म्हणून तर मला इथं बसवलंय. नाही, घाई काहीच नाही. सोमवारी दिलंत तरी चालेल. फक्त तोवर लेख छापायला जायचा नाही."

फोन ठेवून ते खूश होऊन हसले. "चिडलाय. म्हणजे सोमवारी चांगलं लिहील."

संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या अगदी टोकाला त्रैमासिकाच्या दोन खोल्या होत्या. नद्यांचा अभ्यास करणाऱ्यानं रक्तवाहिन्यांवरचं वाचावं, रक्तवाहिन्यावाल्यानं नद्यांवरचं, या हेतूनं ते निघालं होतं. हेतू उदात्त होता, पण पहिली दोन वर्षं कुणीच कुणाचं वाचलं नाही. अंक आला की जो तो आपला लेख उघडायचा, आपलं नाव नीट छापलंय ना एवढं बघायचा आणि अंक फळीवर ठेवून द्यायचा.

मग एक दिवस संपादकबाईंनी, त्या स्वतः गणितातल्या, पाकिटांवर पत्ते चिकटवत बसलेल्या कारकुनापुढे एक लेख टाकला आणि विचारलं, "वाचून सांगा, काय आहे यात?" तासाभरानं बाबा म्हणाले, "बाई, कळलं काहीच नाही. पण पाचव्या पानावर हा माणूस चाचरतोय, असं वाटतं." बाईंनी पाचवं पान पुन्हा पाहिलं. पाणी तिथंच मुरत होतं.

तेव्हापासून नियम झाला. प्रत्येक लेखाच्या आधी साध्या भाषेतलं एक पान. ते कारकुनाला समजलं आणि त्यानं कोपऱ्यात सही केली, तरच लेख पुढे जाणार. त्या पानाला सगळे 'कारकुनाचं पान' म्हणू लागले आणि बाबांना पाठीमागे 'आडकाठी'. काही जण तोंडावर 'आडकाठीसाहेब' म्हणत. बाबांना त्याचं वाईट वाटत नसे. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी ते रोज येत होते, कारण दुसरा कुणी 'मला कळलं नाही' असं कबूल करायला तयार नव्हता.

थोरलीची प्रयोगशाळा त्याच इमारतीत, तळमजल्यावर. पंधरा दिवसांतून एकदा ती दुपारी वर येऊन बसे. त्या दिवशी बाबांनी चहा मागवला आणि विचारलं, "परवा कुठं आहे तुझं भाषण?"

"हाडांच्या डॉक्टरांच्या परिषदेत."

"तेच भाषण?"

"तेच थोडंफार."

"चांगलं आहे ते," बाबा म्हणाले. "सगळ्यांना समजतं."

थोरलीनं कप उचलला आणि उगाच त्यात बघत राहिली. त्या भाषणातलं पहिलं वाक्य तिला कितीतरी वर्षं टोचत होतं. आत्ता खोलीत कुणी नाही, आत्ताच बोलून टाकावं, असं तिच्या मनात आलं. एवढ्यात खालून तिला फोन आला. ती उठली. "येते बाबा," म्हणाली.

"ये. आणि त्या डॉक्टरांना सांग, अक्षर सुधारा म्हणावं."

ती हसत जिना उतरली.

बारा वर्षांपूर्वी तिचा पहिला मोठा लेख याच त्रैमासिकाकडे आला होता. धातूत केसाएवढी भेग पडते आणि कशी वाढत जाते, यावर बावीस पानं. सोबत तिनं सोपं पानही लिहून दिलं होतं. दोन दिवसांनी प्रयोगशाळेतला फोन वाजला. विभागप्रमुख शेजारीच उभे होते, विद्यार्थी होते.

"लेखिकाबाई," बाबा म्हणाले. कचेरीच्या फोनवरून ते तिला एकेरी हाक मारत नसत. "भेग कशी वाढते ते समजलं. छान लिहिलंय. पण ती थांबते कधी?"

"तो लेखाचा विषय नाही."

"असेल. पण वाचताना मला तेच वाटत राहिलं. इतका वेळ तिच्यामागे चाललोय, तर ती थांबते तरी कुठं?"

सगळे तिच्याकडे बघत होते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाबा, तुम्हाला नाही कळायचं ते. सही करून टाका ना."

"समजलं की करतो," बाबा म्हणाले. आवाज तोच, मुंगीवाल्याशी बोलताना असे तसाच.

चार दिवस ती त्यांच्याशी धड बोलली नाही. आई म्हणाली, "घरातही यांचं तेच. मी भाजी चांगली झालीय म्हटलं, तर विचारतात, कशामुळे?" पाचव्या दिवशी थोरली उत्तर लिहायला बसली, बाबांना गप्प करायला, आणि तिच्या लक्षात आलं की तिच्याकडे उत्तरच नाही. बावीस पानांत ते कुठंच नव्हतं. लेख तिनं मागे घेतला.

उत्तर सापडायला आठ महिने लागले. भेगेच्या टोकाला भोक पाडलं की ती थबकते, हे कारागिरांना पूर्वीपासून ठाऊक होतं. धातूत मुळातच बारीक पोकळ्या कशा पेरल्या तर भेग आपली आपण अडेल, हे थोरलीनं दाखवून दिलं. बाबांनी दोनदा वाचलं, सही केली आणि म्हणाले, "आता झोप लागेल." पुढे हाडांच्या एका डॉक्टरनं फक्त ते सोपं पान वाचून पत्र पाठवलं की हाडांतही अशाच पोकळ्या असतात, आपण भेटू या का. तिथून तिचं सगळं सुरू झालं.

पहिल्या भाषणात ती म्हणाली, "एक दिवस मला प्रश्न पडला, भेग थांबते कधी?" ते ओघात आलं होतं. दुसऱ्या वेळी तसंच राहिलं. मग त्याला घट्ट पाया बसला आणि तो उखडायची लाज वाटू लागली. सन्मानाच्या समारंभात बाबा तिसऱ्या रांगेत बसले होते. त्या वाक्याला ते जरासे पुढे झुकले, आणि शेवटी सगळ्यांच्या आधी त्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना एवढंच म्हणाले, "शेवटपर्यंत आवाज स्पष्ट ऐकू आला."

त्या दुपारच्या चहानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीला निघताना ते बुटांच्या नाड्या बांधायला वाकले, ते वाकलेच. "गाठ बसली असेल म्हणून मी कात्री आणायला गेले," आई आल्यागेल्याला सांगत राहिली.

महिन्याभरानं संपादक मंडळाची बैठक झाली. थोरली तीन वर्षं मंडळावर होती. शोकप्रस्ताव झाला, दोन मिनिटं सगळे उभे राहिले, आणि मग विभागप्रमुखांनी विषय काढला.

"बाई, ते पान आता बंद करायला हरकत नाही. भाषा सोपी करून द्यायला यंत्रं आली आहेत. कारकुनांबद्दल मला आदरच आहे. पण खरं सांगायचं तर तो एका सज्जन माणसाला आपण दिलेला मान होता. संशोधनात त्या पानामुळे काय भर पडली?"

"माझ्याकडून त्यांनी सात वेळा लिहून घेतलं," लेखकांतर्फे बोलावलेले मुंगीवाले म्हणाले. "शेवटचं पान मी सोमवारी घेऊन आलो तर टेबल रिकामं. भाषा सुधारली माझी, हे मान्य."

"भाषा सुधारलीच असेल. मी संशोधनाबद्दल विचारतोय. त्या पानामुळे एखाद्याचं काम बदललं, असं एक उदाहरण सांगा. एकच."

संपादकबाईंनी कुणाकडेच पाहिलं नाही. त्यांना माहीत होतं. मागे घेतलेला तो लेख त्यांच्याच हातून परत गेला होता. बारा वर्षांत त्या एका शब्दानं कधी बोलल्या नव्हत्या.

"माझं," थोरली म्हणाली.

तिनं कोपऱ्यातल्या बाबांच्या टेबलावरच्या फोनकडे बोट केलं.

"भेग थांबते कधी, हा प्रश्न मला पडलेला नाही. तो बाबांना पडला. या फोनवरून त्यांनी मला विचारला, तेव्हा सर, तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात. मी त्यांना म्हणाले, तुम्हाला नाही कळायचं. कळलेलं मला नव्हतं. आणि तेव्हापासून प्रत्येक भाषणात मी सांगत आले की मला एक दिवस प्रश्न पडला. ते समोर बसून ऐकायचे."

विभागप्रमुख हलकेच म्हणाले, "तुम्ही दुःखात आहात. हे इथं बोलायलाच हवं असं नाही."

"दुःखात आहेच. पण बोलतेय ते खरं आहे."

संपादकबाईंनी चष्मा चढवला आणि इतिवृत्त पुढे ओढलं. "हे लिहून घेऊ?"

"घ्या. पुढच्या अंकातही छापा. मजकूर मी देते."

"त्यांचा हुद्दा काय घालू? मानद सल्लागार, असं काही—"

"कारकून," थोरली म्हणाली. "संस्थेचे कारकून, माझे वडील. प्रश्न त्यांचा, असं लिहा. आणि त्याचं उत्तर शोधायला मला आठ महिने लागले, तेही लिहा."