टेलिफोनच्या पेटीतला पाहुणा

मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाची टेलिफोनपेटी. विरारला फुलपाड्यातल्या एका घरात दाराजवळच्या भिंतीवर असते. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, मला सांगता येणार नाही. आजवर कोणी विचारलीच नाही. तरी सांगते.

निर्मळ गावच्या सॅन्टन मिस्त्रींनी मला घडवलं. या घरच्या सुधाकररावांकडे टेलिफोन आला, तेव्हा साऱ्या इमारतीत तो एकच होता. "कुलूप लावा हां साहेब," मिस्त्री म्हणाले, "नायतर अख्खी बिल्डिंग तुमच्या बिलावर बोलंल." त्यांनी मला पितळी कडी बसवली, मागे वायरीपुरतं भोक पाडलं. कोणाचा फोन आला की निरोप जायचा आणि शेजारच्या विनयाकाकू पिठाच्या हातांनी धावत यायच्या. घंटी पुन्हा वाजली की सुधाकरराव किल्ली फिरवेपर्यंत सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. किल्लीशिवाय माझ्यातून एक शब्द बाहेर जात नसे. दिवाळीला मला पॉलिश व्हायचं.

पुढे घरोघरी मोबाइल आले. टेलिफोन गेला. माझ्यात दोऱ्याची रिळं आणि संपलेले सेल साठू लागले.

आणि मग तो आला. राऊटर. पांढरा, गुळगुळीत, पाठीवर शेपटीसारखी दांडी, अंगावर हिरवे दिवे. त्याचा एक दिवा विझला तरी सुधाकररावांचा मुलगा कौस्तुभ कासावीस व्हायचा. माझी बिजागरी निखळून लोंबत होती, तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मला त्याचा फार हेवा वाटे. लपवून काय करू?

कौस्तुभ आणि त्याची धाकटी बहीण उन्नती लॅपटॉप घेऊन खोलीत बसत, ती बाहेर येतच नसत. त्यांची आई, मीराताई, जेवायला हाका मारून दमत. "तुम्ही बोला जरा मुलांना," त्या म्हणत. पण सुधाकररावांना आवाज चढवता येत नसे. एका रविवारी त्यांनी माझी बिजागरी ठोकली, राऊटर माझ्या पोटात ठेवला आणि म्हणाले, "रोज संध्याकाळी आठला कुलूप. नेट बंद."

मला कोण आनंद झाला! एवढा तोरा मिरवणारा आता माझ्या अंधारात.

पण मित्रांनो, त्याचे दिवे विझलेच नाहीत. कुलूप लागलं तरी तो आपलं काम करतच राहिला. माझ्या फळ्यांतून त्याचं सगळं आरपार जात होतं, जणू मी तिथे नव्हतेच. आत मुलं लॅपटॉपवर, आणि बाहेर सुधाकरराव मीराताईंना सांगत, "बघ, कसा आवाज नाही. अभ्यास करतायत."

एकदा कौस्तुभचा मित्र मितेश आला. मला कुलूप लावलेलं पाहून तो पोट धरून हसला. "काका वायफायला कडी लावतात? अरे, ते लाकडातून आरपार जातं, यार!"

"हळू बोल, पप्पा येतील," कौस्तुभ म्हणाला आणि तोही हसला. उन्नती हसली नाही.

मग सोसायटीची सभा आली. मुलांच्या इंटरनेटचं काय करायचं, हा विषय होता. सुधाकरराव आजवर कुठल्याही सभेत तोंड उघडून बोलले नव्हते. त्या दिवशी मात्र ते माझ्यासमोर उभे राहून पुटपुटत होते, "आमच्याकडे एक साधी लाकडी पेटी आहे..." मी फुलून गेले. आता घरोघरी माझ्यासारख्या पेट्या होणार! त्यांनी चप्पल पायात घातली, तोच उन्नती आडवी आली.

"पप्पा, सभेत पेटीचं सांगू नका."

"का गं?"

"कुलूप लावून नेट बंद होत नाही. लाकडातून येतं. आम्ही रोज वापरतो."

ते किल्ली हातात घेऊन तसेच उभे राहिले. "म्हणजे इतके दिवस..."

"हो. सगळे हसले असते तुम्हाला."

त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली. मग त्यांनी विचारलं, "मग बंद कसं करायचं?"

तिने मला उघडलं आणि राऊटरचं बटण दाबलं. सगळे दिवे गेले.

"एवढंच?"

"एवढंच. आठला मी करीन रोज. दादा ओरडला तरी करीन."

सुधाकरराव सभेला गेले. परत आल्यावर मीराताईंनी विचारलं, "काय हो, बोललात का?"

"बोललो. म्हटलं, आमच्याकडे आठ वाजता माझी मुलगी बंद करते."

माझं नावसुद्धा काढलं नाही त्यांनी! मी रात्रभर धुमसले.

आता मला कुलूप नसतं. आठ वाजले की उन्नती येते. कौस्तुभ आतून ओरडतो, "ए हिटलर, पाच मिनिटं!" ती बटण दाबते. आणि जाता जाता फ्रॉकच्या बाहीने माझ्यावरची धूळ पुसते. माझ्यावरची, मित्रांनो. राऊटरवरची नाही.

तेव्हा एवढंच सांगते. जे वेळेवर बंद करायचं, ते तुमच्याच हाताने करा. कुलपाला ते जमत नाही, माझ्यासारख्या जाड लाकडालाही जमलं नाही. आणि बंद केल्यावर जवळ एखादी जुनी वस्तू दिसली, तर तिच्यावरून एकदा हात फिरवा. ती वाट पाहत असते.