हावड्याचं वायफाय

माझी सून कालिंदी कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या कंपनीत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात, झोपमोड करून, जगभरच्या चार डोकेबाज लोकांबरोबर एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बनवते. तिचा कोड कुणालाही उघडून पाहता येतो, याचा तिला भारी अभिमान. आणि नवीन काही केलं की आधी कुणावर चालवून बघायचं, तर माझ्यावर. बेहालातल्या आमच्या घरात बळीचा बकरा मीच. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तिने ती सिस्टिम टाकून दिली. बुद्धिबळ खेळायला तो मला पुरतो.

दर गुरुवारी मी हावड्याला माझ्या मित्राकडे, सुधाकरकडे, बुद्धिबळ खेळायला जातो, असं घरी सांगून ठेवलं होतं. खरं तर जात होतो इस्पितळात. रक्ताचा कर्करोग, पण हळू चालणारा. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. मी घाबरलो. पण मुलाला, आदित्यला, सांगितलं नाही. माझी बायको सरला शेवटी आजारी होती, तेव्हा घरातलं प्रत्येक बोलणं औषधांवर येऊन थांबायचं. इतक्यात पुन्हा ते नको होतं. आणखी थोडे दिवस मला भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुरणारा साधा म्हातारा राहायचं होतं.

गेल्या शुक्रवारी आदित्य कामावर गेल्यावर कालिंदी चहा घेऊन समोर बसली आणि म्हणाली, पुढच्या गुरुवारी मी सोबत येते. मी सुधाकरचं पुराण लावलं, तर तिचे डोळे भरले. मग सगळं बाहेर आलं. इस्पितळात ताटकळत असताना माझा लॅपटॉपवरचा बुद्धिबळाचा डाव मध्येच बंद पडला होता. असं झालं की बिघाडाचा रिपोर्ट आपोआप तिच्या मंडळींकडे जातो, आणि कुठला लॅपटॉप कुठल्या वायफायवर आहे तेही त्यात असतं. त्या वायफायला इस्पितळाच्या कर्करोग विभागाचंच नाव होतं. रिपोर्ट पाठवू का, असं मला कुणी विचारलं नव्हतं. विचारत बसू नये, बिघाड लवकर सापडतात, हा आग्रह कालिंदीचाच.

मला राग आला. चांगलाच आला.

"आजार माझ्या हातात नव्हता, कालिंदी," मी म्हणालो. "कुणाला कधी सांगायचं, एवढंच होतं."

तिने कसलीही सबब सांगितली नाही. रिपोर्ट पुसून टाकलाय आणि आदित्यला काही बोललेली नाही, इतकंच म्हणाली.

शनिवारी ती तिच्या मंडळींशी कॉलवर बोलत होती आणि मी शेजारच्या खोलीतून ऐकत होतो. यापुढे आधी विचारायचं, हो म्हटलं तरच पाठवायचं, असा तिने हट्ट धरला. अचानक मत कसं बदललं, म्हणून सगळे तिला खोदून विचारत होते. माझी गोष्ट सांगितली असती तर वाद तिथेच मिटला असता. तिने ती सांगितली नाही. तासभर एकटी भांडत राहिली. माझा राग त्या तासाभरात गेला.

रविवारी जेवताना मी म्हणालो, "तुम्हा दोघांना एक सांगायचंय."

आणि सांगितलं. आदित्यचा हात ताटातच थांबला.

"कधी कळलं, बाबा?" कालिंदीने विचारलं. पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ती माझ्याकडे बघत होती, आणि मी तिलाही अगदी सुरुवातीपासून सगळं सांगितलं.