विम्याच्या यादीतला माणूस

कारखान्याच्या फाटकावर माणूस ओळखत नाहीत, नाव ओळखतात. विम्याच्या कागदाला जोडलेल्या यादीत नाव असेल तर आत या, नसेल तर समोरच्या झाडाखाली बसा आणि शेंगदाणे खा. कबासो कंत्राटदाराच्या यादीत आठ नावं होती. नववं घालायचं तर विमा कंपनीचा शिक्का, डॉक्टरचा दाखला, मग कंत्राटदारांचे कागद तपासणाऱ्या सिमुकोंडासाहेबांची सही. दोन आठवडे गेलेच म्हणून समजा. आता मलेरिया काय दोन आठवडे आधी कळवून येतो? म्हणून आमच्या कॉपरबेल्टवर, तांब्याच्या खाणींच्या या पट्ट्यात, लहान कंत्राटदारांची एकच रीत: आजारी माणसाचा बिल्ला त्याच्या भावानं गळ्यात अडकवायचा. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा, तोंडावर फडकं. बघतंय कोण? ही रीत सगळ्यांना ठाऊक होती, आणि विचारलं तर कुणालाच ठाऊक नव्हती.

त्या मंगळवारी यादीतला एव्हारिस्टो तापानं फणफणला होता. त्याचा बिल्ला घेऊन त्याचा मावसभाऊ कपासा कामावर गेला. चार महिने घरी बसलेला माणूस. दोन दिवसांचं काम मिळालं म्हणून सकाळी शीळ घालत निघाला.

दुपारी कपासाची बायको प्रिस्का अंगणात वाळवलेली मासळी निवडत बसली होती. कबासो आला तो फाटकापाशीच थांबला आणि त्यानं टोपी काढली. त्याची विजार गुडघ्यापर्यंत जळलेली होती.

“कोंबेची आई, खाली बस.”

“बसलेलीच आहे. बोला की!”

“कपासा गेला. भट्टीवरच्या नळाला वेष्टण घालत होता. पायाखालचा पत्रा तुटला.”

तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात कबासोनं पुढं होऊन तिच्या तोंडावर हात दाबला. परक्या बाईच्या तोंडावर! एरवी त्याचा हात मोडला असता तिनं.

“ओरडू नकोस. आधी ऐक, मग जन्मभर रड. त्याच्या गळ्यात एव्हारिस्टोचा बिल्ला होता. कारखान्याच्या दवाखान्यानं मेलेल्याचं नाव एव्हारिस्टो लिहिलंय.”

तिनं त्याचा हात झटकला. “दादा तर घरात पडलाय!”

“आता नाही. लुविंगूच्या बसमध्ये बसवून आलो त्याला. आईच्या गावी राहील. इकडं परत फिरकायचं नाही.”

प्रिस्काला काही कळेना. कबासोनं मग एकेक करून सांगितलं. खरं बोललं तर कारखाना विचारणार, यादीत नसलेला माणूस आत गेलाच कसा? विमा कंपनी हात वर करणार. बिल्ला दिला म्हणून एव्हारिस्टो तुरुंगात, कबासोचं कंत्राट रद्द, बाकीच्या सात घरांच्या पोटावर पाय. आणि प्रिस्काच्या तीन पोरांच्या वाट्याला मक्याच्या पिठाचं एक पोतं, तेही कारखान्याला दया आली तर.

“आणि खोटं बोललं तर?”

“तर यादीतला माणूस कामावर मेला. त्याच्या बायकोला भरपाई मिळते. कागदावर बायको म्हणजे फेबी, तुझी जाऊ. सगळी रक्कम ती तुझ्या हातात ठेवील. बायबलवर हात ठेवून बोललीय माझ्यापुढं.”

“आणि माझा नवरा? तो कुठाय म्हणून सांगू लोकांना?”

“सोलवेझीला गेला म्हण. नव्या खाणीवर. जातात की माणसं, आणि तिकडंच राहतात.”

“तुमच्या जिभेला हाड आहे का हो, बॉस?”

आता खरं सांगायचं तर कबासो माणूस दुष्ट नव्हता. कपासाला भट्टीशेजारून ओढून काढणारा तोच, म्हणून तर विजार जळली. पण त्याच्या डोळ्यांतलं अर्धं पाणी कपासासाठी होतं आणि अर्धं कंत्राटासाठी, हे प्रिस्काला दिसत होतं. तिला त्याची किळस आली. आणि पोरांचं शाळेचं, जेवणाचं मनात आलं, तेव्हा स्वतःचीही आली.

“पोरांना एन्डोलाला माझ्या आईकडं पोचवा,” ती शेवटी म्हणाली. “कोंबे सात वर्षांचा आहे. पेटीपाशी ‘बाबा’ म्हणून हाक मारील, आणि सगळं मुसळ केरात.”

शवागारात ओळख पटवायला फेबीला नेलं. प्रिस्काला बाहेर उभं केलं. चेहरा ओळखण्यासारखा राहिलाच नव्हता, पेटीचं झाकण खिळ्यांनी बंद करायचं ठरलं होतं. बाहेर येऊन फेबी तिच्या गळ्यात पडली.

“पाय त्याचेच होते, बाई. तुझ्या वाटचे मी बघून घेतले.”

“माझ्या वाटचं बघायला मी मेले होते का गं?” प्रिस्का म्हणाली. फेबीनं तिला आणखी घट्ट धरलं.

मातीला लोक जमले ते कबासोच्या आवारात, दोघा भावांच्याही वस्तीपासून लांब. बघा, बॉस किती दिलदार, असं लोक म्हणाले. आतल्या खोलीत, भिंतीला टेकून, डोक्यावरून कापड घेऊन फेबी बसली, विधवेच्या जागेवर. येणारी प्रत्येक बाई दारातच “एव्हारिस्टो, का रे गेलास!” म्हणून हंबरडा फोडायची. आणि प्रिस्का कुठं? ती धाकटी जाऊ ना! धाकट्या जावेनं चुलीपाशी राबायचं. सकाळपासून ती दोन हातांनी लाकडी सराटा धरून पन्नास माणसांसाठी मक्याच्या पिठाची न्शिमा घोटत होती, आपल्याच नवऱ्याच्या मातीला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

कपासाचा म्हातारा मामा काठी टेकत चुलीपाशी आला. घराण्यात शब्द त्याचा.

“पोरी, मेलेल्याचं नाव कुणीतरी घ्यावं लागतं. कमरेला मणी बांधून भाच्याला त्याच्या जागी बसवायचं, तेव्हा मेलेल्याचा आत्मा निवतो. आता कपासाचं नाव कुणाला द्यायचं? तो तर मेलाच नाही म्हणताय तुम्ही!”

“मामा, आधी पोरं जेवू देत. नावाचं मग बघू.”

“मग म्हणजे कधी?”

तिनं सराटा पुन्हा दोन हातांनी धरला.

बाराच्या सुमाराला सिमुकोंडासाहेब आले. गाडीतून पिठाची पोती उतरवली, आत जाऊन फेबीपुढं गुडघे टेकले, प्रार्थना म्हटली. मग आंब्याखाली खुर्ची टाकून कागद काढले. यादी, बिल्ला, सरकारी हिरवं ओळखपत्र, सगळं जुळवून बघितलं.

“कबासो, तुमचे कागद चोख हं! सगळे कंत्राटदार असे असते तर माझं डोकं पांढरं झालं नसतं.”

कबासो जमिनीकडं बघत राहिला.

“एकच राहिलं. घरातल्या पुरुषाची साक्ष. एव्हारिस्टोच्या कामाच्या अर्जात बायकोनंतर दुसरं नाव आहे मावसभाऊ कपासाचं. बोलवा त्याला.”

कबासोनं मामाकडं बघितलं. प्रिस्का हात धुवायला पाणी घेऊन आली होती. तांब्या हातातच राहिला.

“मी त्याची बायको, साहेब. तो सोलवेझीला गेलाय.”

“निरोप नाही धाडला?”

“धाडला की.”

“सख्ख्यासारखा भाऊ मेला, आणि आला नाही?” साहेबांनी पेन खाली ठेवलं. कबासोकडं बघितलं, मामाकडं बघितलं, मग पुन्हा तिच्याकडं. “हे कसं काय? फोन नंबर द्या, मीच बोलतो त्याच्याशी.”

कबासोची पाचावर धारण बसली. आता सगळं तिच्यावर होतं. पेटी पलीकडं वीस पावलांवर, दाराशी ठेवलेली.

“त्याला काय फोन करताय, साहेब!” प्रिस्का एकदम कडाडली. “तो तसलाच आहे! दारू पोटात गेली की त्याला ना भाऊ ना बायको. तिकडं दुसरी बाई ठेवलीय त्यानं. चार महिन्यांत एक पैसा नाही धाडला. पोरं मेली की जगली, विचारलंसुद्धा नाही. नंबर बदलून बसलाय हलकट!”

कपासानं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. पोरांना मासळीतला मोठा तुकडा देऊन स्वतः रश्शावर भागवायचा. म्हाताऱ्या मामानं हे ऐकलं आणि काठीवर कपाळ टेकलं. प्रिस्का आणखी काही बोलणार होती, पण तीन दिवसांत पहिल्यांदा, सगळ्यांदेखत, ती उभ्याउभ्या रडायला लागली.

सिमुकोंडासाहेब भला माणूस. त्यांनी पेन उचललं, कपासाच्या नावापुढं “कुटुंब सोडून गेला” असं लिहिलं, आणि साक्षीला मामाचा अंगठा घेतला. मग उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“असल्या माणसासाठी डोळ्यांतून पाणी काढू नये, बाई.”

“नाही काढत, साहेब,” प्रिस्का म्हणाली. तिनं कमरेच्या कापडानं तोंड पुसलं आणि त्यांच्या हातावर पाणी ओतलं.