गुलाबचा माज

आमच्या उंटाचं नाव गुलाब. ह्यांनी ते ठेवलं उन्हाळ्यात. थंडीत ठेवलं असतं तर दुसरंच काही सुचलं असतं.

उन्हाळ्यात गुलाब म्हणजे गरीब गाय. लहान पोरांनी शेपटी ओढली तरी रवंथ करत बसणार. पण मार्गशीर्ष सरता सरता त्याचं बिनसायचं. कानांच्या मागे, मानेवर, दोन ठिकाणी डांबरासारखं काळं पाझरू लागायचं आणि त्याचा वास पार रस्त्यापर्यंत जायचा. तोंडाला फेस. मधूनच गुडगुड करत गालाच्या बाजूने लाल फुगा बाहेर काढायचा; पहिल्या वर्षी मला वाटलं, ह्याचं आतडंच बाहेर आलं. शेपटी लघवीत भिजवून पाठीवर फटाफट मारायची, चारा अर्ध्यावर टाकायचा, जवळ येईल त्याच्यावर धावून जायचं. होळीपर्यंत नुसता सापळा उरायचा. जनावरांच्या डॉक्टरांनी आम्हाला समजावलं होतं, नर उंटाचा जोर ह्या तीन-चार महिन्यांचाच. उन्हाळ्यात मादीपाशी नेऊन उभा केला तरी बीज मंद आणि इच्छाही मंद.

इथे ग्वाल्हेरात सगळे त्याला मस्ती म्हणतात. ‘ऊँट मस्ती में है, दूर रहना.’ आमच्या घरात मात्र माज. उंबऱ्याच्या आत मराठीच, हा ह्यांचा हट्ट. हे, म्हणजे कान्होजीराव. ह्यांचे पणजोबा सांडणीस्वार होते, सरकारी टपाल घेऊन उंटावरून दौडायचे. दाना ओली ह्या आमच्या जुन्या मोहल्ल्यात जुनी माणसं अजून आम्हाला सांडणीवाले म्हणतात. आता आम्ही थाटीपुरात, सरकारी क्वार्टरांच्या मागे, दोन खोल्यांत. मागे मोकळी जागा आहे, तिथे गुलाब.

लग्नांचा आणि मेळ्याचा हंगाम नेमका थंडीतच. पण त्या दिवसांत हे एकही वरात घ्यायचे नाहीत. लोक म्हणायचे, खच्ची करून टाका, कटकट मिटेल. ह्यांना ते ऐकवायचंही नाही. तोंडाला जाळी बांधून त्याला आडोशाला ठेवायचे, हळू आवाजात बोलायचे, मला त्याच्यावर ओरडू द्यायचे नाहीत. “त्याचा दोष नाही गं तो. ऋतूचा आहे. ऋतू सरला की येईल माणसात.”

हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कारण आम्हाला एक मुलगा आहे, युवराज. तो एकोणीस वर्षांचा असताना ह्यांनी त्याला भर वरातीत थोबाडीत मारली होती. तेव्हा गुलाब नव्हता, जुनी सांडणी होती, म्हणजे मादी, स्वभावाने अगदी थंड. युवराज फेटा बांधून तिची दोरी धरायला तयार नव्हता, मित्र हसतात म्हणून. “माज आलाय कार्ट्याला! उतरवतो तुझा माज!” हे ओरडले. वरातीला मराठी कळत नव्हतं, पण थोबाडीत कळली. त्याच आठवड्यात पोरगा इंदूरला निघून गेला. आठ वर्षं झाली. फोन करायचा तो मला. मी आपली सारवासारव करायची. ‘बाबांनी आठवण काढली रे,’ म्हणायचं. ह्यांना सांगायचं, ‘तुमची तब्येत विचारत होता.’ दोन्ही धादांत खोटं.

गेल्या थंडीत न राहवून मी बोलले. गुलाब फेस काढत होता आणि हे लांबून त्याला चुचकारत होते. म्हटलं, “ह्याच्यासाठी चार महिने दम धरता. पोरासाठी चार दिवस धरला असता तर?”

हे तिथून आत निघून गेले. दोन दिवस नीट जेवलेही नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “येऊ दे त्याला एकदा. मी बोलेन. माझंच चुकलं.” मी तेही त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “हां आई, हां.” इतक्या वर्षांच्या खोट्यात हे एक खरं त्याला कुठून ओळखू येणार?

यंदा ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, शब्द येतील, पण एखाददुसरा, आणि हवा तोच येईल असंही नाही. बारा दिवस दवाखान्यात काढले. शेजारचे मधुभाऊ कुंपणावरून गुलाबला चारा टाकत होते. त्या धावपळीत पौष कधी लागला, माझ्या ध्यानातही आलं नाही.

ह्यांना घरी आणलं त्याच दिवशी युवराज आला. दारात उभा राहिला तर मी आधी ओळखलंच नाही, इतका भरला होता. ह्यांनी ओळखलं. डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं ते सोडीचनात. डोळ्यांतून घळाघळा पाणी. युवराज म्हणाला, “आई, बाबा काय बोलून राहिले?” मी म्हटलं, “शब्द येत नाहीत रे. पण त्यांना बोलायचंय.” त्याने त्यांचे पाय दाबले, तोंड पुसलं, चमच्याने पेज भरवली. दोन दिवस माझ्या घरात सण होता.

तिसऱ्या सकाळी तो म्हणाला, “मधु काका कब तक करेंगे? आज मी देतो चारा.” भारा उचलून मागच्या दाराकडे निघाला. ह्यांची खाट त्या दारासमोरच, दार उघडलं की पडल्या पडल्या त्यांना गुलाब दिसायचा. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. इतक्यात घोगरा, फाटका आवाज आला.

“माज! माज!”

बाहेर आले तर हे खाटेवर अर्धे उठलेले, नजर पोरावर रोखलेली, चेहरा लालबुंद. आजारानंतर तोंडून निघालेला पहिलाच शब्द, आणि तो हा. युवराजने भारा खाली ठेवला. त्याचा चेहरा एकोणीस वर्षांचा झाला होता.

मला इतका संताप आला! मी पिठाच्या हातांनी ह्यांच्यापुढे उभी राहून ओरडले, “मरणाच्या दारातून आलात तरी जीभ तीच? पोराने काय माज केला तुमच्यापाशी?” हे मान हलवत होते, डावा हात आपटत होते, आणि पुन्हापुन्हा तेच, “माज, माज.”

“राहू दे आई,” युवराज म्हणाला. “मला आता इथे चांगलं नाही लागत. इनको मेरी शकल ही नहीं देखनी.” दुपारच्या गाडीने तो गेला. मी त्याला थांबवलंही नाही. म्हटलं, कोणत्या तोंडाने थांबवू?

संध्याकाळी मधुभाऊ धावत आले. स्वेटरची बाही खांद्यापासून फाटलेली. “भाभी, गुलाब मस्ती में आ गया है! आज अंदर चला गया था, हाथ जाते-जाते बचा.”

मी मागच्या दारात गेले. फेस, काळं पाझरणं, शेपटीचे फटके, सगळं होतं; वासही होता, पण ह्यांच्या औषधा-मलमांच्या वासात मला तो कळलाच नव्हता. उघड्या तोंडाचा, जाळीशिवाय.  सहा थंड्या मी हे बघितलं होतं, त्याला माज म्हटलं होतं, आणि तरी मला कळलं नाही. हे आपल्या लेकराला अडवत होते, आणि मी त्यांचंच तोंड बंद केलं.

फोन लावला, सगळं सांगितलं. गुलाबचा व्हिडिओही पाठवला. युवराज शांतपणे म्हणाला, “देखा मैंने. पण आई, ते माझ्याकडे बघून म्हणत होते.”

“अरे तुलाच वाचवायचं होतं ना! मग बघणार कोणाकडे?”

“आई, किती वर्षं तू हेच करून राहिली आहेस. बाबा असं म्हणाले, बाबा तसं म्हणाले. बस ना आता.”

मी ह्यांच्या खाटेपाशी गेले. म्हटलं, “मग त्यांच्याकडूनच ऐक,” आणि फोन ह्यांच्या तोंडाशी धरला. “बोला हो. युवराज आहे. जे मनात आहे ते बोला.”

ह्यांनी डोळे मिटले. कपाळावर घाम आला, ओठ वाकडे होऊन थरथरले. पलीकडे तोही थांबला होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता.  मग सगळा जीव एकवटून ह्यांनी शब्द काढला.

“माज.”

 पलीकडून अगदी हळू आवाज आला, “सुना आई?” आणि फोन बंद झाला.

ह्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी चेहरा निवांत झाला होता. त्यांना वाटलं, आज सांगता आलं, पोराला कळलं, आता तो उंटाच्या जवळ जाणार नाही. मी म्हटलं, “हो, कळलं त्याला.” मग त्यांनी माझा हात धरला आणि त्यांना झोप लागली.