दोन कानांचा फोन आणि हिलारिओचं ‘हो’

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे, पण मोडका नाही. हे आधीच सांगतो, कारण कपाटात टाकलेल्या वस्तूला लोक मोडकीच समजतात.

मला रिसीव्हर दोन. एक डॉक्टरांच्या कानाला, एक रोग्याच्या, आणि तारेच्या पलीकडे दूर कुठेतरी बसलेली दुभाषी. कॅलिफोर्नियातल्या आमच्या इस्पितळात निम्मे रोगी द्राक्षमळ्यांतून येणारे, स्पॅनिश बोलणारे. मला उसंत म्हणून नसे. डॉक्टर म्हणत, हा नसता तर आम्ही मुके झालो असतो. ऐकून मी फुलून जाई.

मग महामारी आली. एकमेकांच्या वस्तूंना हात लावायचा नाही असं ठरलं, आणि माझी रवानगी रोग्यांच्या खोलीतल्याच कपाटात, हातमोज्यांच्या खोक्यांमागे झाली. पुसून घेतलं असतं तरी भागलं असतं, पण त्या धांदलीत ते कोणाला सुचणार?

कपाटात सगळं ऐकू येई, हेच वाईट. खिडकीजवळच्या खाटेवर हिलारिओ होता, वेलींची छाटणी करणारा. त्याला फार दम लागे. डॉक्टर मास्कआडून इंग्रजीत सांगत, पालथा झोप, श्वास सुधारेल. तो मान डोलावून म्हणे, “सी, दोक्तोर,” म्हणजे ‘हो, डॉक्टर’. डॉक्टरांना ‘कळलं नाही’ म्हणणं त्याच्या गावात उद्धटपणाचं. नर्स ब्रिजेट त्याला पालथं करी आणि तिची पाठ वळली की हा पुन्हा उताणा. माणूस हट्टी आहे, असं ठरून गेलं. श्वास आणखी घटला तर घशात नळी घालणार होते, आणि नळी घातलेले फारसे कोणी त्या खोलीत परतले नव्हते. माझा जीव नुसता वर-खाली होई. अरे, विचारा ना त्याला! दोन कान घेऊन मी इथे पडलोय आणि तुम्ही खाणाखुणा करताय!

शेजारच्या खाटेवर एउलालिया आजी होत्या. त्याही सगळ्याला “सी, सी” म्हणत. एका सकाळी तो आवाज आला नाही. आपण कशाकशाला हो म्हटलं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलंच नाही.

त्याच दुपारी ब्रिजेटने हातमोज्यांचं खोकं ओढलं आणि त्याबरोबर मीही खाली आदळलो. तिने माझ्याकडे पाहिलं, मला पुसलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि भिंतीला जोडलं. पलीकडे निदिया नावाची दुभाषी बोलू लागली. ब्रिजेटने विचारलं, पालथं राहायला याला होतंय तरी काय?

हिलारिओ धापा टाकत म्हणाला, “सिस्टर, आमची ही रोज दुपारी त्या खिडकीबाहेर येऊन उभी राहते. आत सोडत नाहीत ना तिला. मी पालथा दिसलो तर तिला वाटेल, मी गेलो. आणि पालथं झोपून होतं काय, ते तरी सांगा.”

निदियाने सगळं समजावलं. तो म्हणाला, “असं होय? मला वाटलं, पाठ तपासायला वळवताय.”

ब्रिजेटने खाट फिरवली, म्हणजे पालथं झोपूनही त्याचा चेहरा काचेकडे राहील. मग निदियाकरवी त्याच्या बायकोला, ओफेलियाला, फोन लावला. ती म्हणाली, “झोपू दे त्यांना तसंच. घरी कुठे माझं ऐकतात?” आणि मग ती रडू लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती काचेबाहेर आली तेव्हा हिलारिओने पालथ्यानेच हात हलवला.

त्याला नळी लागली नाही. तो आपल्या पायांनी घरी गेला.

मी आता भिंतीवर आहे, तरी मला चैन नाही. कोणी मुकाट मान डोलावली की माझं लक्ष आजींच्या खाटेकडे जातं. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. समोरचा ‘हो’ म्हणाला तर तो कशाला हो म्हणाला, एवढं त्याच्या भाषेत विचारा. आजींनाही विचारता आलं असतं. मी त्याच खोलीत होतो.