शिल्लक पाणी

तात्यांनी पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं काढली, पण प्रत्यक्ष पाण्याशी त्यांचा संबंध टेबलावरच्या तांब्यापुरता. बाकी सगळं पाणी त्यांच्याकडे कागदावरून यायचं. एखाद्या गल्लीतला नळ कोरडा पडला की तक्रार यायची. तात्या तिला नंबर द्यायचे, फायलीत लावायचे आणि फाईल कपाटात गेली की त्या गल्लीची तहान भागली असं मानून समाधानाने घरी जायचे. माणूस वाईट नव्हता हो. फार तर इतकंच म्हणता येईल की, देवाने त्यांना डोळे दिले होते वाचायला आणि त्यांनी ते वापरले सही कुठे करायची ते शोधायला.

निवृत्तीनंतर घरच्या पाण्याचं खातंही त्यांनी आपल्याकडे घेतलं. "देवाने ओंजळ दिलीय, तिला भोकं पाडायची नाहीत," हे त्यांचं आवडतं वाक्य. तोंड धुताना नळाची धार दोऱ्याएवढी. तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला, आणि झाड कुंडीत मावेनासं झालं तर कुंडी मोठी. घरात कुणी काहीही फेकायला निघालं की ते हातातून काढून घ्यायचे.

घरामागे, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, त्यांची विहीर होती. पंप लावला की पाणी गच्चीवरच्या टाकीत आणि तिथून नळाला. त्या विहिरीने एकाएकी दगा दिला. चार वर्षांची नात, भिंगरी, एका महिन्यात दोनदा पोट बिघडून आडवी झाली. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी पाण्याचा नमुना नेला. अहवाल आला: पिण्यास अयोग्य.

नर्सबाईंनी ब्लीचिंग पावडर दिली, रीत समजावली, आणि विहीर शुद्ध ठरेपर्यंत पिण्याचं पाणी उकळूनच घ्यायला बजावलं. "औषध टाकल्यावर एक दिवस विहिरीला हात लावायचा नाही. धुण्या-भांड्यापुरतं पाणी आधी भरून ठेवा."

"आधी भरून ठेवा" एवढं ऐकलं आणि तात्यांच्या अंगात वारं शिरलं. पिंप, बादल्या, घागरी, पातेली भरली. मग कुकर, भिंगरीचा आंघोळीचा टब, फुलदाणी, आणि शेवटी गुडघे शेकायची रबरी पिशवी.

"अहो, एका दिवसाचं पाणी भरताय की जहाज सोडताय?" तात्यांची बायको म्हणाली.

"वेळ सांगून येत नाही."

"तुम्ही मात्र सांगूनही बाजूला होत नाही. सरका, मला चहाचं भांडं तरी ठेवा!"

काम मात्र तात्यांनी मन लावून केलं. नाकाला रुमाल बांधून पावडरचा लगदा कालवला, बादलीभर पाण्यात ढवळला, चुना खाली बसू दिला, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेतलं. ती बादली दोराने विहिरीत पाण्याखाली सोडून खालीवर हिसडली. घरातले सगळे नळ वास येईपर्यंत सोडले. दुसऱ्या दिवशी पंप लावून औषधाचं पाणी उपसायचं होतं, वास जाईपर्यंत. ते पाणी धो धो गटारात जाताना तात्यांना बघवेना. ते पाठ फिरवून उभे राहिले आणि मनातल्या मनात देवाची क्षमा मागत राहिले.

आता गंमत बघा. एवढी भांडी भरलेली, त्यातली निम्मीसुद्धा लागली नव्हती. दुपारी घर झोपलं तेव्हा तात्यांनी एकेक भांडं उचललं आणि हलक्या हाताने विहिरीत परत सोडलं. गटारात गेलं ते गेलं, निदान एवढं तरी ज्याचं त्याला मिळालं! पुण्य गाठीला बांधल्यासारखं तोंड करून ते आडवे झाले.

आठवड्याने नमुना गेला. अयोग्य.

"पावडर शिळी होती," तात्या म्हणाले.

नवी पावडर आली. पुन्हा तोच सोहळा. तीच भांडी, तोच रुमाल, तीच दुपार. अयोग्य. आणि दात घासताना भिंगरीने नळाचा एक घोट घेतला होता, ती पुन्हा अंथरुणात, या वेळी मनगटाला सलाइन लावून.

मग सूनबाई बोलली. एरवी ती फारसं बोलत नसे, म्हणून सगळे ऐकायला लागले. "तात्या, तिसऱ्यांदा औषध टाकूनही अयोग्य आलं तर मी भिंगरीला घेऊन आईकडे जाते. पाणी सुधारेल तेव्हा येईन."

भिंगरी तात्यांच्या पोटावर पालथी पडून झोपायची, आणि तेही त्यांचं बेसूर गाणं ऐकल्याशिवाय नाही. त्या गाण्याला जगात दुसरा श्रोताच नव्हता. तिसऱ्या खेपेला त्यांनी प्रत्येक पायरी वहीत लिहीत काम केलं. उगाच आपल्यावर बोट नको.

आठ दिवसांनी अहवाल घेऊन नर्सबाई स्वतःच आल्या. त्यांचं तोंड बघूनच सूनबाईने माळ्यावरची बॅग काढून भिंगरीचे फ्रॉक भरायला घेतले.

"थांबा!" तात्यांनी वही उघडली. "दोष आमचा नाही, पुरावा आहे. तक्रार वरपर्यंत जाणार. पावडर, प्रयोगशाळा, सगळ्यांचा जबाब घेतला पाहिजे. आधी हे ऐका."

आणि त्यांनी खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. लगदा, निवळ पाणी, नळ, उपसा. नर्सबाई प्रत्येक कलमाला मान डोलवत होत्या. तात्यांना चेव चढला.

"कलम अकरा. विहिरीला वास उरला नाही याची खात्री झाल्यावर शिल्लक पाणी, एकूण बत्तीस भांडी, एक थेंबही वाया न घालवता विहिरीत परत सोडले."

शाबासकीसाठी ते थांबले.

"कसलं शिल्लक पाणी?" नर्सबाईंनी विचारलं.

"आधी भरून ठेवलेलं."

"म्हणजे औषध टाकायच्या आधी? याच विहिरीतलं?"

"अर्थात! नंतर कसं भरणार? तुम्हीच तर विहिरीला हात लावू नका म्हणालात."

बायकोने कपाळाला हात लावला. "मला वाटायचं, हे दुपारी भांडी विसळतायत! अहो, विहिरीला आंघोळ घालून तिचेच मळके कपडे परत चढवलेत? तेही तीनदा?"

तात्यांनी कलम अकरा पुन्हा पाहिलं. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो कागद फायलीत लावले होते. कागद वाचल्याची ही पहिलीच वेळ. सूनबाईच्या हातातल्या बॅगेकडे बघून ते खालच्या आवाजात म्हणाले, "तक्रार खरी आहे. माणूस तेवढा चुकीचा धरला होता."

सूनबाईने बॅगेची चेन ओढली. "अजून एकदा औषध टाका. पण या वेळी शिल्लक पाणी माझ्या डोळ्यांदेखत बाहेर ओतायचं."

बॅग भरलेलीच दाराशी राहिली.

चौथ्यांदा औषध पडलं, विहीर उपसली, आणि तात्या एकेक भांडं घेऊन कुंपणाबाहेर निघाले. प्रत्येक भांड्याला डोळे मिटत होते. पिंप गेलं, टब गेला, रबरी पिशवीसुद्धा पिळून झाली. सूनबाईने अंगण पाहिलं, मान हलवली आणि आत गेली.

तात्या तिथेच घुटमळले. मग ते आपल्या खोलीत गेले, पुस्तकांमागे हात घातला आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात थर्मास होता.

"सूनबाई, हा एक राहिला होता."

"तात्या!"

"दीड लिटर आहे," ते अपराध्यासारखे म्हणाले. "म्हटलं, एवढ्याने काय होतंय. मग भिंगरीचं ते सलाइन लावलेलं मनगट आठवलं." आणि डोळे उघडे ठेवून त्यांनी तो रस्त्याकडेला उपडा केला.

दाराशी जाऊन सूनबाईने बॅगेची चेन उघडली आणि भिंगरीचे फ्रॉक एकेक करून परत खुंटीला लावले.

अहवाल यायला आठ दिवस लागले. तो आला तेव्हा तात्यांचा हात सवयीने नंबर टाकायला पेनाकडे गेला, पण अर्ध्यावरच थांबला. भिंगरीला पोटावर घेऊन, गाण्याऐवजी, त्यांनी तो कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. 'पिण्यास योग्य' हे शब्द अगदी तळाशी होते. तिथे पोचेपर्यंत ती गाढ झोपली होती.